रोममधली बाबागाडी

‘मुले लहान आहेत तोवर जग पाहून घ्या’ असे सांगणाऱ्यांनी दोन वर्षांच्या लेकीची बाबागाडी रोमच्या काळ्या दगडी फरसबंदीवरून एकदा तरी ढकलून दाखवावी! सान्पिएत्रीनी म्हणे या दगडांचे नाव. नाव गोड, पण दर दहा पावलांनी पुढचे चाक फटीत रुतते, लेक पुढे झुकते आणि तिच्या हातातले बिस्कीट कबुतरांच्या स्वाधीन होते. बरे, जेवायला जावे, तर बहुतेक ठिकाणी चूल पेटणार संध्याकाळी साडेसातला. उन्हाळ्यात तिथले साडेसात म्हणजे पुण्यातले रात्रीचे अकरा, हे तिच्या पोटाला कोणी समजावायचे? शेवटी खोलीतल्या किटलीच्या पाण्यात नाचणीसत्त्व कालवायचे. आणि कोलोसियम? ते आम्ही बाहेरूनच, डायपर बदलायला आडोसा शोधताना पाहिले.