‘आधी पेपर, मग पेटंट’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही आठवडे नाशिकमधल्या प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. मला तो पाच जणांकडून आला, आणि त्यातल्या दोघांनी खाली ‘अगदी खरं’ असंही लिहिलं होतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. संशोधन झालं की आधी पेपर छापा, तोच तुमचा पुरावा. पेटंटचं नंतर बघता येतं. पेटंटला लाखो रुपये लागतात. जगदीशचंद्र बोसांनी पेटंट घेतलं नाही, ज्ञान विकायचं नसतं. कॉलेजांची पेटंटं नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) गुणांसाठी काढलेली, सगळी बोगस. आणि शोध खरंच चांगला असेल तर कंपनी आपण होऊन दारात येते, तेव्हा कॉलेजांतले पेटंट सेल बंद करा आणि तो पैसा प्रयोगशाळेला द्या.

मी इथल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात असा सेल सांभाळतो. मेसेजमधला एक मुद्दा बऱ्याच अंशी खरा आहे आणि तो मी मान्य करणार आहे. पण पहिल्या मुद्द्यापायी लोकांची वर्षानुवर्षांची मेहनत वाया जाते, म्हणून हे लिहितोय.

आपल्याकडे अर्जाच्या तारखेआधी शोध जगात कुठेही छापून आला असेल, तर तो कायद्याच्या नजरेत नवा उरत नाही. छापणारे तुम्ही स्वतः असलात तरीही. पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती अगदी अरुंद आहे: विद्वत्संस्थेपुढे वाचलेला किंवा तिच्या वृत्तांतात आलेला निबंध, किंवा केंद्र सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन. पैसे भरून छापलेला ऑनलाइन जर्नलमधला पेपर त्यात बसत नाही. डोंगरे वसतिगृह मैदानावरच्या कृषी प्रदर्शनातला स्टॉल अशा अधिसूचनेशिवाय बसत नाही. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढलेला पीएचडीचा प्रबंधही जगाला खुलाच असतो.

आमच्याकडे एक सर आणि त्यांचा विद्यार्थी द्राक्षबागेतल्या ब्लोअरसाठी, म्हणजे फवारणीच्या यंत्रासाठी, केलेलं नोझल घेऊन आले होते. डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी फवारताना औषध पानाच्या खालच्या बाजूला नीट बसावं, अशी रचना. मला ती मनापासून आवडली. पहिला प्रश्न विचारला, ‘हे कुठे छापलंय का?’ सर आनंदाने म्हणाले, ‘हो, मार्चमध्येच.’ तेव्हा ऑगस्ट चालू होता. पेपरात आकृती होती, मापं होती, सगळं होतं. त्या नोझलला पेटंट मिळण्याची शक्यता मार्चमध्येच संपली होती. पेपरनंतर विद्यार्थ्याने त्यात दाब सांभाळणारी एक झडप घातली होती आणि ती कुठेच छापलेली नव्हती. तेवढ्यावर अर्ज केला. मूळ कल्पना मात्र आता कोणीही बनवू शकतो.

यात पेपर नको असं कुणी म्हणत नाही. अर्ज दाखल झाला की दुसऱ्या दिवशी पेपर पाठवा. प्रोव्हिजनल, म्हणजे तारीख पक्की करणारा प्राथमिक, अर्ज काही दिवसांत तयार होतो आणि पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. नाशिकला हे बारा महिने किती सोयीचे आहेत, ते आमच्या लक्षात फार उशिरा आलं. सप्टेंबरात, गोडी छाटणीच्या (द्राक्षाच्या फळासाठीच्या छाटणीच्या) आधी, प्रोव्हिजनल दाखल करायचा. मग यंत्र निर्धास्तपणे बागेत न्यायचं, बागायतदारांना दाखवायचं, ते नावं ठेवतील ती ऐकायची. मार्चपर्यंत हंगाम संपतो. सुधारणा करून ऑगस्टपर्यंत पूर्ण अर्ज. अख्खा हंगाम त्यात बसतो.

दुसरा मुद्दा पैशांचा. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत आहे. ऑनलाइन अर्जाचे १,६०० रुपये, परीक्षणाच्या, म्हणजे पेटंट कार्यालयाने अर्ज तपासण्याच्या, विनंतीचे ४,०००. तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरण, सुरुवातीला वर्षाला ८००, पुढे वाढत जाणारं. अर्ज लिहून देणाऱ्या पेटंट एजंटची फी वेगळी, आणि सहसा तीच मोठी असते. लाखांचा आकडा खरा आहे तो परदेशातल्या अर्जांसाठी. ते प्रत्येक शोधासाठी करायचेच नसतात.

बोसांबद्दलची माहिती तर सरळ चुकीची आहे. त्यांना पेटंटचं वावडं होतं हे खरं, पण मैत्रीण सारा बुल यांच्या आग्रहाने अर्ज झाला आणि २९ मार्च १९०४ रोजी विद्युत लहरी टिपणाऱ्या उपकरणासाठी त्यांना अमेरिकेचं पेटंट मिळालं. क्रमांक ७५५८४०. कुणीही काढून वाचावं. ज्ञान सगळ्यांचं असावं, या भावनेचा मी आदर करतो. पण त्यासाठी पेटंट सोडून देणं हा एकच मार्ग नाही. १९२३ मध्ये इन्सुलिनच्या शोधकांनी आपले हक्क टोरोंटो विद्यापीठाला प्रत्येकी १ डॉलरला दिले. औषध कोण बनवणार आणि कोणत्या दर्जाचं, हे विद्यापीठाला ठरवता यावं आणि दुसऱ्या कुणी त्यावर मक्तेदारी बसवू नये, हा त्यामागचा हेतू होता. पेटंट हातात असलं तर ते स्वस्तात द्यायचं की फुकट, हे तुम्ही ठरवता.

आता तो बऱ्याच अंशी खरा मुद्दा. हो, बोगस प्रकार चालतात आणि मला त्याचा संताप आहे. ‘पेटंटमध्ये दुसरं, तिसरं, चौथं नाव उपलब्ध’ अशा जाहिराती मलाही येतात. अर्ज अठरा महिन्यांनी आपोआप पेटंट जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो, आणि त्या प्रसिद्धीलाच ‘पेटंट मिळालं’ म्हणून पुष्पगुच्छ दिले जातात. प्रसिद्ध होणं म्हणजे मंजूर होणं नव्हे. परीक्षकाने अजून फाइल उघडलेलीही नसते. पुढे परीक्षणाची विनंती होत नाही, किंवा पहिला अहवाल आल्यावर सहा महिन्यांत कुणी उत्तर देत नाही, आणि अर्ज मरतो. डिझाइनची नोंदणी ही तर वस्तूच्या दिसण्यापुरती असते. तीही पेटंट म्हणून यादीत घातली जाते. कायदा खरा आणि पहिला संशोधक कोण, हे विचारतो. ज्याने काम केलं नाही त्याचं नाव घातलं की पेटंटला पहिल्याच दिवशी कीड लागते.

पण यावर उपाय सेल बंद करणं कसा? अशी नावं विकणाऱ्या दुकानदाराला बाहेर ठेवायचं तर आत कुणीतरी जाणकार बसलेला हवा, जो ‘हे होणार नाही’ म्हणेल. मी दहा प्रस्तावांतल्या सहासात जणांना नाही म्हणतो. छाटणीचं नवं वेळापत्रक? शेतीची पद्धत कलम ३ प्रमाणे पेटंटयोग्य नाही. द्राक्षाचं नवं वाण? त्यासाठी २००१ चा वाण संरक्षण कायदा आहे, तिकडे जा. नुसतं ॲप? अवघड आहे. छाटणीचं यंत्र, फवारणीचं यंत्र, पॅकिंगमधली युक्ती? बसा, बोलूया.

शेवटचा मुद्दा, कंपनी दारात येते. नाही येत. १९७३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतले शास्त्रज्ञ स्टॅनले कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी जनुकं जोडण्याच्या तंत्रावर पेपर छापला. पेटंटचं त्यांच्या मनातही नव्हतं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या तंत्रज्ञान परवाना कार्यालयातल्या नील्स रायमर्स यांनी वर्तमानपत्रात बातमी वाचून स्वतः फोन केला. अमेरिकेत पेपरनंतर एक वर्ष मुभा असते. ती संपायला एक आठवडा उरला असताना अर्ज गेला. परदेशातले हक्क पेपरमुळे आधीच गेले होते. पुढे ४६८ कंपन्यांनी परवाना घेतला आणि पेटंटची मुदत संपेपर्यंत विद्यापीठांना सुमारे २५ कोटी डॉलर मिळाले. वर्षाला १०,००० डॉलर इतकी परवान्याची सुरुवातीची फी ठेवली होती, म्हणजे छोट्या कंपन्यांनाही घेता यावा. हे सगळं एका कार्यालयातल्या माणसाने केलं.

आपल्याकडे प्रमाण वेगळं, काम तेच. अंबड आणि सातपूर या नाशिकच्या औद्योगिक वसाहतींतल्या कारखानदारांना पेपर वाचायला वेळ नसतो. त्यांचा प्रश्न असतो, साचा किती रुपयांत पडेल आणि हजार नग कोण घेईल. त्याचं उत्तर घेऊन कुणीतरी जावं लागतं. आणि जाण्याआधी हक्क कुणाचा ते कागदावर हवं. कायद्याने शोधावरचा पहिला हक्क संशोधकाचा, तो दुसऱ्याकडे जातो लेखी करारानेच. कंपनीने प्रायोजित केलेल्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पांत हा करार बहुतेक वेळा नसतो. मुलाला प्रमाणपत्र मिळतं, रेखाटनं कंपनीत राहतात, आणि दोन वर्षांनी कुणाचं काय होतं हे कुणालाच सांगता येत नाही. प्रकल्प सुरू होतानाच दोन पानांचा करार करून घेणं हे सेलचं सगळ्यात निरस आणि सगळ्यात उपयोगी काम आहे.

त्या झडपेच्या अर्जाचा पहिला परीक्षण अहवाल गेल्या आठवड्यात आला. परीक्षकाने पाच आक्षेप काढलेत, आणि त्यातल्या एकात सरांचाच मार्चमधला पेपर आमच्याविरुद्ध पुढे केलाय. शनिवारी सर, तो विद्यार्थी आणि मी उत्तर लिहायला बसतोय.