तापल्यावर रंग निळ्याकडे का सरकतो : पैठणहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय वाचक,

माझा लेख रंगद्रव्यामुळे नव्हे, तर पदार्थाच्या आतल्या सूक्ष्म थरांच्या मांडणीमुळे दिसणाऱ्या रंगांविषयी होता; थर जवळ आले की असा रंग निळ्याकडे सरकतो, दूर गेले की तांबड्याकडे. तापवल्यावर पदार्थ प्रसरण पावतो, त्याच्या आतल्या थरांमधले अंतर वाढते, म्हणून त्यावरून परावर्तित होणारा रंग तांबड्याकडे सरकायला हवा. मी मात्र तो निळ्याकडे सरकतो असे लिहिले, हा आपला मुख्य आक्षेप आहे. तो नेमका आहे आणि त्याचे उत्तर मूळ लेखातच यायला हवे होते.

प्रसरण होते, पण फार थोडे. सिलिकॉन रबर १० अंशांनी तापले तर त्याची लांबी साधारण ०.३ टक्के वाढते; ६०० नॅनोमीटरच्या नारिंगी रंगात तेवढ्याने दोनेक नॅनोमीटरचा फरक पडेल, जो डोळ्यांना कळणार नाही. डोळ्यांदेखत रंग पालटायचा तर अंतर बदलणारे कारण याहून बलवान हवे. कपाळावर लावायच्या ज्वरमापक पट्टीत द्रवस्फटिक, म्हणजे द्रवासारखा वाहणारा पण स्फटिकासारखी मांडणी राखणारा पदार्थ असतो. त्याचे रेणू दोराच्या पिळासारखे थराथराने वळत गेलेले असतात. ऊब लागली की हा पीळ घट्ट होतो, एका पूर्ण वळणाची लांबी घटते आणि तांबडा रंग हिरव्यातून निळ्याकडे जातो. काही जेलमध्ये कारण निराळे असते : ३२ अंशांच्या आसपास त्यांच्या रेणूंच्या साखळ्या धरून ठेवलेले पाणी सोडतात, जेल आकसते आणि त्यात बसवलेले सूक्ष्म गोलक एकमेकांजवळ येतात.

पैठणीच्या धूपछाव पदराशी आपण या रंगांची केलेली तुलना मात्र मला मान्य करता येत नाही. तिथे उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे असतात. ते उसवून वेगळे केले, तरी प्रत्येक धाग्याचा रंग कायम राहतो. त्याच पदरावर विणलेल्या मोराचे खरे पीस बारीक कुटले, तर निळाई जाऊन तपकिरी भुकटी उरते, कारण निळे रंगद्रव्य त्यात नसतेच. असते ती मेलॅनिन या गडद तपकिरी रंगद्रव्याच्या सूक्ष्म कांड्यांची मांडणी.

गरम चहा ओतल्यावर चित्र उमटणारे कप रंगद्रव्यावर चालतात, हे आपले म्हणणे बरोबर आहे. मी ते मांडणीच्या रंगांचे उदाहरण म्हणून दिले होते; ते वाक्य मी लेखातून काढले आहे.

मे महिन्यात घरातली ज्वरमापक पट्टी काळीच दिसते, म्हणून ती बिघडली असे समजू नये. ती ३५ ते ४० अंशांसाठी असते, आणि आपल्या मराठवाड्यात दुपारी पारा त्यापुढे जातो. तेव्हा द्रवस्फटिकाचा रंग जांभळ्याच्याही पलीकडे सरकतो आणि मागचा काळा थर तेवढा दिसतो. अशी तापलेली पट्टी माठाजवळ ठेवून तिच्या एकाच चौकोनाकडे पाहत राहावे : निवताना तो आधी निळसर, मग हिरवा, मग तांबूस होत पुन्हा काळा होईल.