आज काय नाही?

ज्या हॉटेलच्या पाटीवर चिनी, थाई, जपानी आणि कोरियन अशी चार नावं एका ओळीत असतात, तिथून माझे पाय आपोआप पुढच्या चौकाकडे वळतात. जगातली निम्म्याहून जास्त माणसं आशियात राहतात. त्या सगळ्यांचा स्वयंपाक एकाच भट्टीवर जमत असेल, तर तो आचारी स्वयंपाकघरात नव्हे, देव्हाऱ्यात हवा.

अशा ठिकाणचं मेन्यूकार्ड लग्नाच्या अल्बमएवढं जाड असतं. आत दीडशे पदार्थ, आणि मागे पातेली तीन. एकात सोया-लसणाचा तपकिरी सॉस, दुसऱ्यात व्हिनेगर-साखरेचा लाल, तिसऱ्यात नारळाच्या दुधाचा हिरवट. आता हिशेब करा. कोंबडी, कोळंबी, टोफू आणि भाज्या असे चार ऐवज, त्यांना तीन सॉसनी गुणलं की 12. भात किंवा नूडल्स, म्हणजे 24. सुकं किंवा रस्सेदार, म्हणजे 48. उरलेली शंभरी विशेषणांवर भागवतात: क्रिस्पी, सिझलिंग, ड्रॅगन. हे जेवण वाईट असतंच असं नाही. पण ते गणित आहे, आणि गणित खायला बाहेर कशाला जायचं?

म्हणून माझी कसोटी उलटी आहे. टेबलावर बसल्यावर 'इथे काय चांगलं मिळतं?' हा प्रश्न विचारूच नये. त्याचं उत्तर सगळ्या जगात 'सगळंच' असं आहे. विचारावं, 'आज काय नाही?' 'सगळं आहे, साहेब' असं उत्तर आलं की पाणी पिऊन उठावं. वेटरनं जरा ओशाळून 'रस्सा संपला', 'डिमसम दुपारनंतर नसतं' किंवा 'तो पदार्थ आमच्याकडचा नाही' असं सांगितलं, तर खुर्ची घट्ट धरून ठेवावी.

रस्सा संपतो, याचं कारण तो केलेला असतो. टोंकोत्सु रामेन या जपानी नूडल्स-सूपचा रस्सा डुकराची हाडं दहा-बारा तास, कधी त्याहून जास्त, खळाखळा उकळून करतात. मंद आच इथे कामाची नाही. जोरदार उकळीनंच चरबी बारीक फुटून पाण्यात मिसळते आणि रस्सा पांढरा, दाट होतो. हाडांतलं कोलॅजन विरघळून त्याचं जिलेटिन होतं, म्हणून दोन घोट प्यायल्यावर ओठ एकमेकांना किंचित चिकटतात. रंग पांढराशुभ्र आणि ओठ मोकळे, असं असेल तर मला पाकिटाचा संशय येतो. बारा तासांचं पातेलं रात्री आठ वाजता संपलं तर नऊला दुसरं तयार होत नाही. मालक दिवे मालवतो आणि घरी जातो. ज्यांचा रस्सा कधीच संपत नाही, त्यांच्याकडे पातेलं नसतं, नळ असतो.

व्हिएतनामी फोचा मामला बरोब्बर उलटा. तिथे रस्सा नितळ हवा, वाडग्याच्या तळाशी पसरलेल्या तांदळाच्या नूडल्स दिसायला हव्यात. त्यासाठी बैलाची हाडं आधी काही मिनिटं उकळून ते पहिलं पाणी फेकून देतात, मग नव्या पाण्यात कित्येक तास जेमतेम बुडबुडे येतील एवढ्या आचेवर ठेवतात आणि वरचा फेस काढत राहतात. कांदा-आलं थेट जाळावर काळं होईपर्यंत भाजून घालतात. सोबत चक्रीफूल, दालचिनी, लवंग आणि मसाला वेलची. आचाऱ्यानं घाई करून आच वाढवली की रस्सा गढूळ झालाच. एवढं सगळं झाल्यावर समोर आलेल्या वाडग्यात काही लोक पहिल्याच मिनिटाला होईसिन सॉसची बाटली उपडी करतात. आधी दोन चमचे नुसता रस्सा प्यावा, बाटल्या कुठे पळून जात नाहीत. शेजारी तुळस, मोडाची कडधान्यं आणि लिंबाची ताटली आली नाही म्हणूनही भांडू नये. ती दक्षिणेची, सायगॉनकडची रीत. हनोईच्या आचाऱ्याकडून पालापाचोळ्याची अपेक्षा ठेवली तर तो तोंडानं काही बोलत नाही, पण बघतो.

थाई हॉटेलात जेवायला बसताच पुढ्यात चॉपस्टिक्सचं पाकीट आलं, तर ती पर्यटकांची सोय समजावी. थाई माणूस भात-करी खातो चमच्यानं. काटा फक्त घास चमच्यात ढकलायला. चॉपस्टिक्स निघतात त्या मुख्यतः नूडल्सच्या सूपसाठी. पॅड थाई नूडल्सचा रंग लालभडक असेल तर त्यात चिंचेच्या जागी केचप आहे असा दाट संशय धरावा. चिंच, ताडगूळ आणि फिश सॉस यांचा रंग तपकिरीच होतो. कच्च्या पपईचं सोम तम मागवल्यावर आतून खलबत्त्याचा ठक-ठक आवाज यायला हवा, कारण ते मागणी आल्यावरच कुटतात. दोन मिनिटांत गुपचूप आलं तर ते सकाळचं आहे, आणि पपई एव्हाना पाणी सोडून बसली आहे.

चीनच्या सिचुआन प्रांतातल्या जेवणाची तर परीक्षा ओठांवरच होते. तिरफळाच्या कुळातल्या सिचुआन मिरीनं ओठांना मुंग्या आल्या पाहिजेत. मापो टोफू खाऊन नुसतंच तिखट लागलं, तर मिरी जुनी आहे किंवा घातलेलीच नाही. साठवणीत तिचा दम लवकर जातो, म्हणून चांगले आचारी ती भाजून लगेच दळतात.

नकाराचं एवढं कौतुक केलं, पण एका नकारावर मात्र माझा विश्वास नाही. दारावरची 'एमएसजी वापरत नाही' ही पाटी. एमएसजी म्हणजे आपलं अजिनोमोटो, ग्लूटामेटचं मीठ. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं 1908 साली कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लूटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. 1968 साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात चिनी हॉटेलातल्या जेवणानंतरच्या त्रासाबद्दल एक पत्र छापून आलं आणि जगानं एमएसजीची मानगूट धरायला सुरुवात केली. नंतरच्या नियंत्रित चाचण्यांत तो त्रास खात्रीनं दाखवता आला नाही, पण पाटी राहिली. पाटीखाली आत सोया सॉस, ऑयस्टर सॉस, सुकवलेले मशरूम, सगळ्यांत ग्लूटामेट असतंच. तेच गिऱ्हाईक नंतर टोमॅटो आणि जुनं चीज घातलेला पिझ्झा मिटक्या मारत खातं.

'ताजी मासळी, कधीही गोठवलेली नाही' या सुशीवाल्याच्या जाहिरातीनंही भुलू नये. कच्च्या खायच्या बऱ्याच जातींच्या माशांतले परजीवी मरावेत म्हणून मासा उणे 20 अंशांवर सात दिवस ठेवणं हा अमेरिकेत रुळलेला नियम आहे. सुशीत बघायचा तो भात. तो हाताइतका कोमट हवा, दाणा दाण्याला धरून आणि तोंडात सुटा होणारा. फ्रीजमधला गारठोण भात म्हणजे वरच्या माशाचाही अपमान. बाजूचा वसाबी म्हणून दिलेला हिरवा गोळा बहुतेक ठिकाणी रंगवलेला हॉर्सरॅडिश, म्हणजे दुसरंच एक झणझणीत मूळ, असतो, त्यावर रागावू नये. खरा वसाबी महाग, आणि किसल्यावर पाव तासात त्याचा वास उडून जातो.

हे सगळं आत शिरल्यावरचं. मुळात दार सापडणार कसं? फोनवर नुसतं 'आशियाई हॉटेल' शोधलं तर जाहिरातीला पैसे कोण देतं एवढंच कळतं. पदार्थाचं नाव टाकून शोधावं: हातानं ओढलेल्या नूडल्स, खाओ सोई, लाक्सा. मग पाच तारेवाले अभिप्राय सोडून थेट दोन तारेवाल्यांकडे जावं, कारण माणूस चिडला की नेमकं बोलतो. 'तिखट कमी करून द्यायला नकार दिला': पत्ता टिपून घ्या. 'मेन्यूत नऊच पदार्थ': आजच टेबल राखून ठेवा. 'वेटर हसला नाही': त्याला काम आहे. 'भात चिकट होता' ही जपानी हॉटेलबद्दलची तक्रार म्हणजे तक्रारदाराची ओळख समजावी. 'कोळंबीला वास येत होता' मात्र शब्दशः खरं मानावं, तिथे विनोद नको. फोटो तारखेनुसार लावून गेल्या दोन-तीन महिन्यांतलेच बघावेत, कारण आचारी बदलला की हॉटेलचं नाव सोडून सगळं बदलतं. अनोळखी लोकांच्या टेबलांवर एकच वाडगा पुन्हा पुन्हा दिसत असेल तर आपण काय मागवायचं ते ठरलं. फोटोंत कागदी कंदीलच जास्त असतील तर तिथे फोटो काढायला जावं.

आणि मध्यवस्तीतल्या चायनाटाउनच्या लाल कमानीचा मोह आवरावा. लंडनमधले कोरियन वसले ते न्यू मॉल्डनला, सिडनीतले व्हिएतनामी कॅब्रामाट्टाला, न्यू यॉर्कची मोठी चिनी वस्ती क्वीन्समधल्या फ्लशिंगला. तिघेही शहराच्या मध्यापासून लांब. जिथे भाडं परवडतं तिथे माणसं राहतात, आणि जिथे ती राहतात तिथे वाण्याकडे ताजं गलांगल (थाई स्वयंपाकातलं आल्यासारखं मूळ) आणि माकरूट लिंबाची पानं मिळतात. त्या वाण्यालाच विचारावं की रोज सकाळी पोत्यानं माल कोण नेतं. शोध तिथेच निम्मा संपतो.

उरलेला निम्मा म्हणजे सोबतची मंडळी. त्यात एक शाकाहारी असतोच, आणि त्याच्या 'नॉनव्हेज नको' या विनंतीला वेटर मनापासून मान डोलावतो. मासा नाहीच, नुसता माशाचा सॉस आहे! म्हणून वस्तूंची नावं घेऊन विचारावं: फिश सॉस, ऑयस्टर सॉस, थाई करीच्या वाटणातली कोळंबीची पेस्ट, मिसोच्या सूपमधला बोनिटो माशाचा अर्क, किमचीतली खारवलेली कोळंबी. सोपा रस्ता हवा तर चिनी बौद्ध शाकाहारी हॉटेल गाठावं. तिथे बहुधा कांदा-लसूणही नसतो, आणि मांसासारखं दिसणारं सगळं टोफूचं किंवा गव्हाच्या ग्लूटेनचं असतं.

दुसरा सदस्य म्हणतो, 'आठ जणांत एकच मोठा फ्राइड राइस सांगू.' त्याला अडवावं. हॉटेलच्या वोकखालची आच घरच्या बर्नरच्या कित्येक पट असते. शिजवून गार केलेला भात त्या तापल्या लोखंडाला पातळ थरात भिडला तरच धुरकट वास लागतो. आठ जणांचा ढीग एकदम टाकला की लोखंड गार पडतं आणि भात परतायच्या ऐवजी वाफेवर बसतो. दोन-दोन प्लेटा, दोन-तीन वेळा सांगाव्यात. वेटर वैतागेल, आचारी वैतागणार नाही.

तिसऱ्याला सगळं घरी मागवायचं असतं. फो चालेल, रस्सा आणि नूडल्स वेगळे बांधून मिळत असतील तर. थाई करी चालेल. रामेन नको, नूडल्स वाटेतच रस्सा पिऊन फुगतात. टेम्पुरा आणायचाच असेल तर डब्याचं झाकण हॉटेलच्या दारातच उघडावं, कारण कोंडलेल्या वाफेनं दहा मिनिटांत त्याचं कुरकुरीतपण जातं. उघड्या डब्यातले एक-दोन तुकडे रस्त्यात कमी झाले, तर हॉटेलवाल्यानंच कमी दिले असं घरी सांगता येतं.