सीझन लागायच्या आधी शेठजींच्या कानात

दिवाळी आटोपली, कापसाच्या गाड्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकाशी लागल्या, की शेठजी, तुमच्या डोक्याला ताप. मजूर लागतात, आणि मजुरांच्या मागोमाग त्यांचे हक्कही आत शिरू पाहतात. त्यांना फाटकाबाहेर ठेवण्याचं कसब आपल्या यवतमाळ-वर्ध्याच्या पट्ट्यात जुनंच आहे. हल्ली त्याला थोडा कागदाचा अभ्यास लागतो, इतकंच.

आधी रोजाचं बघू. समजा गड्याला साडेचारशे आणि बाईला तीनशे द्यायचेत. "बाई आहे म्हणून कमी" असं चुकूनही तोंडातून काढू नका. 1976 पासून ते बेकायदा आहे, 2019 च्या वेतन संहितेतही तेच आहे. म्हणून कामाला नाव द्या. गडी सरकी काढायच्या यंत्रावर, म्हणजे जिनवर, कापूस टाकतो तेव्हा तो 'मशीनवर' असतो. बाई त्याच जिनवर तोच कापूस टाकते तेव्हा ती 'हाताखाली' असते. कवडी, म्हणजे खराब कापूस, वेचणं, कचरा निवडणं हे 'हलकं काम'. नाकाला पदर बांधून दिवसभर धुळीत उकिडवं बसणं हलकं कसं, असं कोणी विचारलंच तर "पोतं उचलते काय ते?" एवढं म्हणा. पोतं न उचलणाऱ्या गड्यांना हा प्रश्न लागू नसतो.

अडचण एकच. कायदा कामाचं नाव बघत नाही. कसब, मेहनत, अनुभव आणि जबाबदारी सारखी आहे का, ते बघतो. आणि सापडलात तर गड्यांचाही रोज तीनशेवर आणून बरोबरी साधू, हा विचार सोडा. बरोबरी करण्यासाठी कोणाचाही रोज उतरवायला मनाई आहे. बनवणाऱ्यानं तुमचा स्वभाव ओळखून कलम लिहिलेलं दिसतं. शिवाय किमान वेतनातला विशेष भत्ता 1 जानेवारी आणि 1 जुलैला बदलतो, म्हणजे जानेवारीचा बदल नेमका ऐन सीझनमध्ये. नव्या दरांचा कागद भिंतीवर लावणं भाग पडलं तर इंग्रजीतला लावा, आणि पंख्याच्या मागे.

पगार खात्यात टाकून वरचे पैसे मुकादमाकडून रोखीनं परत घ्यायचे, ही युक्ती नामी आहे. फक्त बारा बायांच्या पासबुकात एकाच दिवशी सारखीच रक्कम निघालेली दिसते, आणि पासबुकं त्यांच्या घरी असतात.

मस्टरवर माणसं एकोणीसच ठेवा. वीस झाली की भविष्य निर्वाह निधी मागे लागतो. बाकीची ठेकेदाराची म्हणून सांगा. मोजताना अधिकारी ठेकेदाराचीही माणसं धरतो, पण तो येईल तेव्हा बघू.

दहा माणसं झाली की लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती लागते, 2013 चा कायदा. अध्यक्षपद घरच्या वहिनींना देऊन टाका, म्हणजे तक्रार जेवणाच्या ताटावरच निकाली निघते. कायद्याला मात्र अध्यक्ष कामावरचीच वरिष्ठ बाई हवी, निदान निम्म्या सदस्य बाया हव्या आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेचा. समिती नाही म्हणून पन्नास हजारांपर्यंत दंड. "ती तर ठेकेदाराची बाई, मला ठाऊकच नाही" हेही चालत नाही. मालकाला ठाऊक नसलेली मजूरही त्यात धरली आहे. तक्रार खुद्द तुमच्याविरुद्ध असली तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तक्रार करायची मुदत तीन महिन्यांची. तेवढे दिवस "सीझन संपू दे, मग बोलू" म्हणून गोडीगुलाबीनं काढा. फक्त ही मुदत समितीला आणखी तीन महिने वाढवता येते, हे बायांना कळू देऊ नका.

पोटुशी बाई दिसली की दिवस मोजा. बाळंतपणाआधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस भरले की पगारी रजेचा हक्क लागतो. तेव्हा पंचाहत्तराव्या दिवशी मायेनं म्हणा, "बाई, आता आराम कर." माया दिसते आणि पैसेही वाचतात. घोळ होतो तो मस्टर नंतर लिहिल्यामुळे. तीन महिन्यांच्या हजेऱ्या एकाच पेनानं, एकाच बैठकीत भरल्या की शाईच सांगून टाकते.

आता जातीचं. तोंडावर जात विचारणं बरं दिसत नाही. आधी आडनाव विचारा. आडनाव दोन्हीकडचं निघालं तर गाव विचारा, मग गावातली वस्ती, मग "मारुतीच्या देवळापासून किती लांब?" चौथ्या प्रश्नापर्यंत उत्तर मिळतंच. मग काट्यावर, ऑफिसात, पावत्यांवर 'आपली' पोरं, आणि संडास-नाली कोणाकडे ते सांगायची गरज नाही. पाण्याचे रांजण दोन ठेवा, पण पाटी लावू नका. पाटीचा फोटो निघतो. एका रांजणावर स्टीलचा गिलास, दुसऱ्यावर साखळीनं बांधलेला प्लास्टिकचा मग, एवढ्यानं समजणाऱ्याला समजतं. ॲट्रॉसिटीचा तपास डीवायएसपी, म्हणजे पोलिस उपअधीक्षक, दर्जाचा अधिकारी करतो आणि त्याला तो प्लास्टिकचा मग दिसतो, हा धोका आहे. 14 एप्रिलला सुट्टी मागतील. "कापसाच्या गाठी बांधायच्या आहेत" म्हणा. गाठी संक्रांतीला आणि होळीला बांधायच्या नसतात, हे कोणाच्या लक्षात येत नाही असं समजून चाला.

सगळ्यात जपायचं ते वही ठेवणाऱ्या बाईपासून. लेकराच्या जुन्या वहीत ती तारीख, आल्या-गेल्याची वेळ, मिळालेला रोज आणि सोबत कामावर असलेल्या दोघींची नावं लिहिते. सरकारी कामगार अधिकाऱ्यासमोर तुमच्या मस्टरशेजारी ही वही उघडली की पंचाईत. अशी बाई दिसली की तिला काढू नका, मुकादम करा.

रोज मात्र तीनशेच ठेवा.