घोरणं म्हणजे गाढ झोप? फिरत्या मेसेजला उत्तर

‘घोरणारा माणूस गाढ झोपलेला असतो. स्लीप अ‍ॅप्निया हा मशीन विकणाऱ्यांनी काढलेला आजार, तोही फक्त जाड लोकांचा. मशीनचा हृदयाला फायदा नाही हे संशोधनानेच दाखवलंय. त्यापेक्षा तोंडाला पट्टी लावून झोपा.’ असा मेसेज फिरतोय. यातलं एकच वाक्य विचार करण्याजोगं आहे, त्याकडे येतोच.

आधी गाढ झोप. घोरणारा प्रत्येक जण आजारी नसतो, मान्य. पण ज्याला स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा त्रास आहे, त्याच्या उशाशी रात्री दहा मिनिटं बसून बघा. घोरणं चढत जातं आणि एकदम थांबतं. घरच्यांना वाटतं, सुटलो बुवा! पण छाती-पोट हलतच असतं, घसा मिटल्यामुळे हवा मात्र आत जात नाही. मग एक हिसका, धाप, कूस बदलणं, की पुन्हा घोरणं सुरू. श्वास निदान 10 सेकंद थांबला किंवा फार उथळ झाला तर ते मोजलं जातं, आणि तासाला 30 वेळा किंवा त्याहून जास्त असं झालं तर आजार तीव्र धरतात. दर दोन मिनिटांनी हे चालू असेल तर झोप गाढ कसली? सकाळी त्या माणसाला यातलं काही आठवत नाही, म्हणून तर असले मेसेज पटतात.

मशीनवाल्यांनी आजार काढला म्हणावं, तर तारखा आड येतात. झोपेत श्वास अडण्याची नोंद फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी 1965 साली केली. मेसेजमधलं मशीन म्हणजे सीपॅप, मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं. त्याचा प्रयोग सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी प्रसिद्ध केला तो 1981 साली. मधल्या काळात तीव्र रुग्णांच्या गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट करून देत. काढलेल्या आजारासाठी कोणी गळा कापून घेत नाही.

वजनाचा संबंध आहेच. पण आखूड जबडा, मोठे टॉन्सिल असलेल्या सडपातळ माणसालाही हा त्रास होतो, आणि रजोनिवृत्तीनंतर बायकांमध्ये तो वाढतो. त्यांची तक्रार बरेचदा थकवा, नीट झोप न लागणं अशी असते, त्यामुळे घोरण्याकडे कोणाचं लक्षच जात नाही.

आता हृदय. इथे मेसेजवाल्याच्या हाताशी खरा कागद आहे. 2016 च्या ‘सेव्ह’ चाचणीत आधीच हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले 2,717 रुग्ण होते. मशीन वापरणाऱ्यांत पुढचे झटके, पक्षाघात, मृत्यू कमी झाले नाहीत. हे लपवायचं कारण नाही. पण मशीन रात्री सरासरी 3.3 तासच तोंडावर होतं, आणि दिवसा फार झोप येणाऱ्यांना चाचणीत घेतलंच नव्हतं. शिवाय दिवसाची पेंग त्या चाचणीतही कमी झाली. गाडी चालवणाऱ्याला विचारा, पेंग कमी होणं ही लहान गोष्ट आहे का. दुसरीकडे, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या 2000 सालच्या अभ्यासात तासाला 15 किंवा जास्त वेळा श्वास अडणाऱ्यांना चार वर्षांनी उच्च रक्तदाब असण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट निघाली. आजाराचा रक्तदाबाशी संबंध असणं वेगळं, आणि अर्धी रात्र मशीन लावून झटका टळणं वेगळं. मेसेजने दोन्हींची खिचडी केली आहे.

राहिली पट्टी. अडथळा घशात, आणि कुलूप ओठांना! नाक चोंदलेलं असेल तर हवेची उरलेली वाटही बंद. त्यापेक्षा घरच्या कोणाला तरी रात्री मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढायला सांगा आणि तो डॉक्टरांना दाखवा.