पाचशे देवचार आणि एक उंदीर

आमच्या टीव्हीखाली सध्या सहा खोके आहेत. पाहुण्यांना ते टेबल वाटतं, कारण आईने वरून क्रोशाचा रुमाल घातलाय. त्या रुमालाखाली माझी कारकीर्द आहे. मी लिहिलेल्या, मी चितारलेल्या आणि माझ्याच पैशाने छापलेल्या कॉमिकच्या उरलेल्या ३०० प्रती.

मी स्वतंत्र कॉमिक कलाकार आहे. म्हणजे लेखक मी, चित्रकार मी, प्रकाशक मी आणि हमाल मी. तगादा लावायला संपादक नाही, म्हणून तेही काम मीच करतो. फक्त मी त्याचे फोन उचलत नाही.

कुडाळजवळच्या आमच्या गावात हा धंदा समजावून सांगणं हीच एक मेहनत आहे. शेजारचे आबा दर आठवड्याला विचारतात.

"काय करतंस सध्या?"

"कॉमिक काढतंय, आबा."

"ता झाला. पण करतंस काय?"

हा रोग लहानपणीचा. मामाच्या माळ्यावर इंद्रजालचे जुने अंक होते. ही कॉमिक्स १९६४ साली सुरू झाली आणि त्यातल्या मुखवटेवाल्या फॅंटमचं मराठीत नाव होतं वेताळ. आता आमच्याकडे वेताळ म्हणजे आरवलीचा वेतोबा, ज्याला लोक नवसाच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. आजीने 'वेताळ' हे नाव वाचून आधी पुस्तकाला हात जोडले, मग चष्मा लावून चित्र पाहिलं. पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, शेजारी कुत्रा. "ह्यो आमचो न्हय," ती म्हणाली आणि जोडलेले हात परत घेतले. तेव्हाच मी ठरवलं की आपल्याकडच्या मंडळींवर कॉमिक काढायचं. कपडे नीट घालून.

'ही इंग्रजी थेरं' असं म्हणणाऱ्या काकांना मी एकदा पिंगुळीचा दाखला दिला. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर ठाकर समाजातले चित्रकथी पिढ्यानपिढ्या एकेक सुटं चित्र समोर धरून, वीणा आणि टाळ-हुडुकाच्या साथीने रामायण-महाभारत सांगत आले. चित्र, गोष्ट, मग पुढचं चित्र. याला कॉमिक नाही तर काय म्हणायचं? त्यातल्याच परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मगे तुका गावली की सांग."

तर माझा नायक होता देवचार. गावाची वेस राखणारा, रात्री हातात काठी घेऊन फिरणारा, आणि वेशीवरून चौपदरी रस्ता गेल्यामुळे आता नेमकं कुठे उभं राहायचं हे न कळणारा. कल्पना मला अजूनही आवडते. ती कागदावर उतरवायला मात्र मी जून महिना निवडला. कोकणातल्या पावसाळ्यात शाई वाळत नाही, ती विचार करत बसते. चांगला जाड कागद सकाळी ताठ असतो आणि संध्याकाळी नरम पापड होतो. शेवटी पानं चुलीवरच्या दोरीला टांगली. तिथे आधीपासून सुके बांगडे होते. दोघे गुण्यागोविंदाने वाळले.

पानं झाली ३४. छापखान्यातून फोन आला की मधोमध पिना मारायच्या पुस्तकाची पानं चारच्या पटीत लागतात, एक तर दोन काढा, नाही तर दोन वाढवा. काढायला जीव होईना. मग ३५व्या पानावर 'लेखकाविषयी' आलं आणि ३६व्या पानावर आबांच्या किराणा दुकानाची जाहिरात. तिचे पैसे आबांनी नारळांत दिले.

फाइल पाठवायची म्हणजे सड्यावर, गावाबाहेरच्या उघड्या कातळमाळावर जायचं, कारण घरात रेंजची एक कांडी येते तीही पाहुण्यासारखी. कातळावर लॅपटॉप उघडून, वर छत्री धरून, भोवती चार गुरं रवंथ करत असताना मी अख्खा देवचार पाठवला. नव्वद टक्क्यांवर वीज चमकली, मी लॅपटॉप मिटून पळालो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. गुरं तीच होती. त्यांना कथानक पाठ झालं असावं.

नमुना प्रत आली तेव्हा दोन चमत्कार झालेले. छापखान्याच्या संगणकात माझा फॉन्ट नव्हता, त्यामुळे जोडाक्षरं फुटली होती आणि माझा करारी देवचार फुग्यातून 'म् हाराजा' असं बोबडं बोलत होता. आणि समुद्र जांभळा झाला होता. यात छापखान्याचा दोष नाही. पडदा लाल-हिरव्या-निळ्या उजेडातून रंग दाखवतो, छपाई मात्र चार शायांवर चालते, आणि त्या अदलाबदलीत झगझगीत निळा सगळ्यात आधी बुडतो. हे मला माहीत होतं. पण 'आपल्या समुद्राला काय होतंय' हा कोकणी माणसाचा आत्मविश्वास. अक्षरं दुरुस्त केली. समुद्राचं तोंड तीनदा धुतलं, तरी तो जांभळाच्या सरबतासारखाच राहिला. शेवटी मी एका चौकटीत 'संध्याकाळ' असं लिहून टाकलं.

प्रतीमागे ६२ रुपये, पाचशे प्रती, एकूण ३१ हजार. एवढे पैसे भरायच्या आधी आईने देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. नारळ ठेवला. गावकर सुरू झाले:

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान जा काय पुस्तक काढलेला हा, ता तडीस ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हेच्या पाचशेच्या पाचशे बुका खपूंदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"आणि हेका खयतरी एक कायमची नोकरी गावूंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!" यावेळी देवळाचे पत्रे थरथरले. सगळ्यात मोठा आवाज आईचा होता.

दहा खोके आले ते पडवीत ठेवले, बांगड्यांशेजारी. हिवाळ्यात मुंबईला कॉमिकवाल्यांचा एक मेळावा होता. तुतारी एक्सप्रेसने दोन खोके घेऊन दादरला उतरलो. टेबलाचं भाडं ऐकून मी आधी त्याच टेबलाला धरून उभा राहिलो. गर्दी अफाट, निम्मे लोक तलवारी आणि लोकरीचे केस लावून आलेले. ते येत, पान उलटत, "भारी काम आहे" म्हणत आणि विचारत, "स्टिकर आहेत?" एका मुलीने विचारलं, "काका, मांगा आहे का?" मी म्हटलं, "हापूस एप्रिलमध्ये. पत्ता देऊन ठेवा." तिला जपानी कॉमिक हवं होतं हे मला परतीच्या गाडीत पनवेल गेल्यावर कळलं. दोन दिवसांत ४१ प्रती गेल्या. एक बाई पुस्तक नाकाशी नेऊन म्हणाल्या, "अगदी कोकणात गेल्यासारखं वाटतं." मी बांगड्यांचा विषय काढला नाही.

शंभर प्रती पुस्तकांच्या दुकानांत आहेत, 'विकल्या की पैसे' या बोलीवर. पैसे आलेले नाहीत, त्याअर्थी तिथल्या देवचारांनी जागा सोडलेली नाही. उरलेल्या ५९ नातेवाइकांत गेल्या. नातेवाईक पुस्तक विकत घेत नाहीत, "सही करून दी" म्हणतात. सही केली की ते भेट होतं.

मग पोट कशावर चालतं? गणपतीवर. श्रावणात मी तात्यांच्या गणपतीच्या शाळेत डोळ्यांच्या आखणीला बसतो. आमच्याकडे घरोघरचे पाट शाळेत येतात आणि त्यावर मूर्ती घडते. डोळे तात्या मला एकट्याला देतात आणि मीही तिथे आगाऊपणा करत नाही. पण गेल्या वर्षी पहाटे तीनला, साठावी मूर्ती संपवताना, हात चळला. माझ्याकडून एका उंदराची एक भुवई वर गेली. मोदकाकडे बघून तो 'बघू या' असं म्हणत असल्यासारखा दिसू लागला. पुसायला वेळ नव्हता. मूर्ती आबांची होती.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी आबा दारात. मी शिव्यांची तयारी ठेवली. ते टीव्हीखालच्या टेबलाकडे बघत खाटेवर बसले.

"उंदीर तू केलंस?"

"चूक झाली, आबा."

"अख्खी वाडी बघून गेली. पोरां आरती सोडून उंदराकडे बघतत." मग थोडं थांबून, "तो पुढे काय करता?"

"कोण?"

"उंदीर रे. मोदक घेता काय नाय?"

गेल्या दीड वर्षात माझ्या कामाबद्दल 'पुढे काय' असं विचारणारा हा पहिला माणूस. मी रुमाल उचलून देवचाराची एक प्रत काढली आणि त्यांच्या हातात दिली. आबांनी ती उलटी केली, शेवटच्या पानावरची स्वतःच्या दुकानाची जाहिरात समाधानाने वाचली आणि परत दिली.

यंदा शाळेत पाट यायला लागलेत. त्यातल्या अकरा पाटांवर खडूने लिहिलंय, 'उंदीर भुवईवालो'. तात्या म्हणतात जादा पैसे घे. एका पाटावर तर 'उंदीर रागान बघणारो, आमच्या जावयासारखो' असं लिहिलंय. जावयाचा फोटोही पाठवलाय. मी सध्या त्याच्या नाकावर अडलोय.