रेड सॉक्सचा कडवा चाहता व्हायचंय? आधी सामने पाहणं सोडा

कंपनीने तुम्हाला बॉस्टनला पाठवलं आहे. श्रूजबरीत भाड्याचं घर मिळालं, कढीपत्ता मिळणारं दुकान सापडलं, मुलांची शाळा लागली. आता अडचण एकच. दुपारी डबा उघडला की टेबलावरचे चौघे सहकारी रेड सॉक्सवर, म्हणजे इथल्या बेसबॉल संघावर, बोलू लागतात आणि तुम्ही पोळीच्या तुकड्याकडे बघत बसता. कोहलीचा विषय काढून पाहिलात, कोणी हूं की चूं केलं नाही. घाबरू नका. बेसबॉल शिकण्याची काहीही गरज नाही. उलट ज्याला खेळ कळतो, त्याला या टेबलावर बोलायला फारसं काही उरत नाही.

एका मोसमात प्रत्येक संघ 162 सामने खेळतो. एवढे सामने बघायचे तर नोकरी कोणी करायची? जाणते चाहते बघतही नाहीत. ते निकाल बघतात, मग खेळाडूचा पगार बघतात आणि मग चिडतात. खरा मोसम सुरू होतो नोव्हेंबरात. कोण येणार, कोण जाणार आणि कोणाला किती मिळणार, एवढाच खेळ तेव्हा उरतो. त्याला बॅट लागत नाही, चेंडू लागत नाही. लागतो तो फक्त दुसऱ्याचा पैसा.

हा पैसा जॉन हेन्री नावाच्या गृहस्थांचा. 2002 पासून संघ त्यांच्या गटाच्या मालकीचा आहे. तुम्ही तो सढळ हाताने वाटायचा. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र कसं ठेवावं हे आपल्याला वेगळं शिकवायला नको. एखादा नामवंत खेळाडू करारातून मोकळा झाला की पाण्याचा घोट घेत म्हणायचं, "द्या की टाकून चाळीस कोटी डॉलर, कमी आहेत का त्यांच्याकडे?" दिले नाहीत तर मालक कंजूष. दिले आणि खेळाडू चालला नाही तर मालक मूर्ख. दिले आणि खेळाडू चालला, तर लगेच दुसऱ्या खेळाडूचा विषय काढायचा.

डिसेंबर 2024 मध्ये हुआन सोटोने न्यूयॉर्क मेट्सशी 15 वर्षांचा, 76.5 कोटी डॉलरचा करार केला. त्याच्यासाठी बोली लावणाऱ्यांत बॉस्टनही होतं. निर्णय होईपर्यंत म्हणायचं होतं, "असा फलंदाज पिढीत एकदा मिळतो, पैशाकडे काय बघता?" निर्णय झाल्यावर म्हणायचं होतं, "पंधरा वर्षं? करार संपेल तेव्हा चाळिशीचा घोडा होईल तो!" दोन्ही वाक्यं एकाच माणसाने म्हटली तरी चालतात, मध्ये एक झोप काढली म्हणजे झालं. शोहेई ओटानीच्या करारावर तर झोपेचीही गरज नाही. लॉस एंजेलिस डॉजर्सनी त्याला 70 कोटी कबूल केले आणि त्यातले 68 कोटी 2034 ते 2043 या काळात द्यायचं ठरवलं. यावर आधी ओरडायचं, "ही उधारी आहे, बंदी घाला!" आणि त्याच दमात, "आपल्या लोकांना हे का सुचलं नाही?"

इथे लक्झरी टॅक्स नावाचं प्रकरण तोंडी लावायला ठेवा. बेसबॉलमध्ये पगारावर कमाल मर्यादा नाही. एका ठरावीक रकमेच्या वर गेलात तर दंड भरायचा, आणि वर्षानुवर्षं वरच राहिलात तर दंडाचा दर वाढत जातो. 2025 साली ती रक्कम 24.1 कोटी डॉलर होती. तुम्हाला आकडा पाठ नसला तरी चालेल. फक्त तुच्छतेने म्हणा, "आमच्या मालकांना ती रेषा म्हणजे लक्ष्मणरेषा वाटते." चौघेही मान डोलावतील. लक्ष्मण कोण, हे कोणी विचारणार नाही. त्यांना वाटेल, एखादा जुना पिचर (इथला गोलंदाज) असावा.

आता मुकी बेट्स. बाकी काही केलं नाहीत तरी चालेल, पण हे प्रकरण क्रमाने पाठ करा. 2018 मध्ये रेड सॉक्सनी 108 सामने जिंकले, वर डॉजर्सना हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, जिंकली. त्या वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू होता बेट्स. असा खेळाडू हाताशी असताना शहाणा मालक काय करेल? बरोबर. फेब्रुवारी 2020 मध्ये त्याला डॉजर्सना देऊन टाकलं, सोबत डेव्हिड प्राइस नावाचा महागडा पिचरही पाठवला, म्हणजे पगाराचा बोजा रेषेखाली येईल. बदल्यात तीन जण आले: ॲलेक्स व्हर्डुगो, कॉनर वाँग आणि जीटर डाउन्स. या तिसऱ्या नावावर जरा थांबा. या पोराचं नाव डेरेक जीटरवरून ठेवलेलं. डेरेक जीटर म्हणजे न्यूयॉर्क यांकीजचा कप्तान, ज्याने बॉस्टनला वर्षानुवर्षं छळलं. आपला सर्वोत्तम खेळाडू देऊन शत्रूच्या कप्तानाचं नाव घरी आणलं, आणि तेही रेड सॉक्सकडून 14 सामने खेळून गेलं.

पुढची साखळी तर तुम्ही कल्पनेने रचली असतीत तर कोणी विश्वास ठेवला नसता. बेट्सने डॉजर्सशी 12 वर्षांचा, 36.5 कोटींचा करार केला आणि त्याच वर्षी त्यांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. बॉस्टन आपल्या गटात तळाला राहिलं. व्हर्डुगोला पुढे बॉस्टनने यांकीजना दिलं. 2024 ची वर्ल्ड सिरीज डॉजर्स आणि यांकीज यांच्यात झाली. शेवटचा फलंदाज बाद झाला तो व्हर्डुगो. त्याला बाद केलं वॉकर ब्यूलरने. जल्लोष करणाऱ्यांत बेट्स होता. आणि दोन महिन्यांत रेड सॉक्सनी ब्यूलरला एका वर्षासाठी दोन कोटींहून जास्त पगारावर घेतलं, नि ऑगस्ट संपायच्या आत सोडूनही दिलं. हे सगळं सांगताना आवाज चढवू नका. हळू, खालच्या पट्टीत, वाड्यातल्या वाटणीबद्दल बोलावं तसं बोला. चौघांपैकी एखाद्याचा घास हातातच राहील.

कोणी खेळाडू गेला की तो मोठा होतो, हा नियम लक्षात ठेवा. मेलेल्या म्हशीला मणभर दूध. पिचर ख्रिस सेल बॉस्टनमध्ये होता तेव्हा शेवटची काही वर्षं सतत जायबंदी असायचा, आणि "याला एकदाचा हाकला" ही मागणी याच टेबलावर झाली होती. 2023 च्या अखेरीस त्याला अटलांटाला दिलं. पुढच्याच मोसमात त्याने 18 सामने जिंकले, 225 फलंदाज स्ट्राइकआउट केले आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेतला. म्हशीने खरोखरच मणभर दूध दिलं. तेव्हा हाकलण्याची मागणी कोणाची होती हा विषय काढू नये. सभ्य समाजात काही गोष्टी बोलत नाहीत.

यानंतर माध्यमांचा पक्षपात. त्यावर मत नसेल तर बॉस्टनमध्ये तुम्हाला पाहुणाच समजतील. सुदैवाने इथे पदरचं काही घालावं लागत नाही. शहरातलं मोठं वर्तमानपत्र 'बॉस्टन ग्लोब' हेन्रींच्याच मालकीचं आहे. 2013 मध्ये त्यांनी ते 7 कोटी डॉलरला घेतलं. सामने दाखवणारी नेसन ही वाहिनीही बहुतांशी त्यांच्याच कंपनीची. म्हणजे संघ त्यांचा, कॅमेरा त्यांचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टीका करणारा स्तंभलेखकही पगारी त्यांचाच. यातून हवा तो निष्कर्ष काढता येतो. ग्लोबने संघाची स्तुती केली तर मालकाने लिहून घेतली. ग्लोबने संघाला झोडपलं तर मालकाने आपण किती निष्पक्ष हे दाखवायला झोडपून घेतलं. एखाद्या खेळाडूबद्दल वाईट लिहून आलं की तो लवकरच जाणार. चांगलं लिहून आलं की त्याचा भाव चढवून विकणार. काहीच लिहून आलं नाही, तर नक्कीच काहीतरी शिजतंय.

जाता जाता एक हिशेब कानावर घाला. त्याच मालकाने 2014 मध्ये पाब्लो सँडोव्हाल नावाच्या थर्ड बेसमनला (तिसऱ्या बेसवरच्या क्षेत्ररक्षकाला) पाच वर्षांसाठी 9.5 कोटी कबूल केले. अख्खं वर्तमानपत्र, छपाईसकट, 7 कोटींना. आणि एक थर्ड बेसमन 9.5 कोटींना. त्याला करार संपण्याच्या कितीतरी आधी, 2017 च्या जुलैत घरी पाठवलं. बेसबॉलचे करार पक्के असतात, खेळाडूला घरी पाठवलं तरी पैसे चालूच राहतात. वर्तमानपत्र मात्र अजून रोज निघतं.

टेबलावर एखादा वयस्क सहकारी म्हणेल, पूर्वी असं नव्हतं. पूर्वी याहून भारी होतं. हेन्रींच्या आधी ग्लोब न्यूयॉर्क टाइम्सच्या कंपनीकडे होतं, आणि त्याच कंपनीची काही वर्षं रेड सॉक्समध्येही भागीदारी होती. बॉस्टनचं वर्तमानपत्र आणि बॉस्टनच्या संघाचा हिस्सा, दोन्ही न्यूयॉर्ककरांच्या खिशात! हे खरं आहे, म्हणूनच त्यावर फारसा वाद होत नाही. वाद हवा असेल तर ईएसपीएन यांकीजच्या बाजूचं आहे असं म्हणा. न्यूजर्सीत, एडिसनला राहणारा तुमचा मावसभाऊ शपथेवर सांगेल की ईएसपीएन रेड सॉक्सच्या बाजूचं आहे. ईएसपीएनचं मुख्यालय ब्रिस्टल, कनेक्टिकटला, दोन्ही शहरांच्या मधोमध. उरलेल्या अमेरिकेची तक्रार अशी की त्या लोकांना या दोन संघांपलीकडे दुसरं काही दिसतच नाही. हे तिसरं मत सर्वांत पटण्यासारखं असल्याने टेबलावर आणू नका.

आता परीक्षेला हमखास येणारा प्रश्न, राफेल डेव्हर्स. बेट्सला घालवल्याबद्दल लोकांनी एवढी छी-थू केली की जानेवारी 2023 मध्ये मालकांनी डेव्हर्सला दहा वर्षांसाठी 31 कोटींहून जास्त देऊन टाकले. आता तो जन्मभर आपला थर्ड बेसमन, असं सगळे म्हणाले. दोन वर्षांनी संघाने ॲलेक्स ब्रेग्मनला घेतलं. तोही थर्ड बेसमन. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. डेव्हर्स म्हणाला, ही जागा माझी. त्याला सांगितलं, तू फक्त फलंदाजी कर. नाक मुरडत तो तयार झाला. मे महिन्यात फर्स्ट बेसवरच्या ट्रिस्टन कासासचा गुडघा गेला आणि व्यवस्थापन पुन्हा डेव्हर्सकडे: जरा तिकडे उभा राहतोस का? तो म्हणाला, नाही. मालक स्वतः विमानाने कॅन्सस सिटीला समजूत घालायला गेले.

15 जून 2025 ला, रविवारी, फेनवे या घरच्या मैदानावर रेड सॉक्सनी यांकीजना सलग तिसऱ्या सामन्यात हरवलं. डेव्हर्सने होम रन मारला. त्या संध्याकाळी संघ सिएटलला निघायच्या बेतात असताना बातमी आली: डेव्हर्स सॅन फ्रान्सिस्को जायंट्सला दिला. गावभर आनंद साजरा करायला लोकांना दोन-तीन तास मिळाले असतील.

अशा वेळी तुमची भूमिका काय असावी? बॉस्टनला जाणाऱ्या मास पाइक महामार्गावर नेटिकच्या आसपास गाडी अडकलेली असते, रेडिओवर कोणीतरी "बरेच दिवस ऐकतोय, पहिल्यांदाच फोन करतोय" म्हणून सुरुवात करतो आणि पुढच्या एक्झिटपर्यंत त्याच्या दोन भूमिका होऊन जातात. एक, हा खेळाडू आप्पलपोटा, एवढे पैसे घेऊन फर्स्ट बेसवर उभा राहत नाही. दोन, हे व्यवस्थापन निर्दयी, एवढ्या खेळाडूला असं वागवतात का? तुम्ही दोन्ही घ्या. आठवडाभरात डेव्हर्सने बॉस्टनविरुद्धच होम रन मारला, तेव्हा दुसरी वापरा. मग जुलैत तो सॅन फ्रान्सिस्कोला निमूटपणे फर्स्ट बेसवर उभा राहिला, तेव्हा पहिली.

आकडेवारीचा जाणकार कोणी टेबलावर असेल तर त्याला वॉर नावाच्या आकड्याने गप्प करा. राखीव खेळाडूच्या जागी अमुक खेळाडू असल्यामुळे संघाने किती जास्त सामने जिंकले, असा काहीसा तो हिशेब. दोन नावाजलेल्या संकेतस्थळांवर तो दोन तऱ्हांनी काढतात, विशेषतः पिचरच्या बाबतीत. तेव्हा आधी मत ठरवा, मग संकेतस्थळ.

आणि होतकरू पोरांवर जीव टाका. ज्याला कोणी पाहिलेलं नाही तो खेळाडू नेहमी सर्वोत्तम असतो. एप्रिल 2025 मध्ये क्रिस्टियन कॅम्पबेल नावाच्या पोराशी बॉस्टनने आठ वर्षांचा, 6 कोटींचा करार केला आणि जूनमध्ये त्याला खालच्या फळीत वूस्टरला परत पाठवलं. वूस्टर तुमच्या श्रूजबरीला खेटून आहे. मैदान छान आहे, फेनवेच्या मानाने तिकीट स्वस्त, मुलंही खूश होतील. तरी जाऊ नका. डोळ्यांनी पाहिलंत तर स्वतःचं मत तयार होतं, आणि ते टेबलावरच्या मताशी जुळेलच असं नाही.

त्या मोसमाअखेर बॉस्टन प्लेऑफमध्ये पोचलं आणि पहिल्याच फेरीत यांकीजकडून हरलं. निर्णायक सामन्यात त्यांना एकही धाव करता आली नाही. आठ डाव पिचिंग करून बारा जणांना स्ट्राइकआउट केलं कॅम श्लिटलरने. हा पोरगा वॉलपोलचा, म्हणजे बॉस्टनच्या दारातला, आणि शिकला बॉस्टनच्याच नॉर्थईस्टर्न विद्यापीठात. यांकीजनी त्याला 2022 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवी पोरं निवडतात त्यात, सातव्या फेरीत उचललं होतं. म्हणजे बॉस्टनला त्याला घ्यायच्या चांगल्या सहाहून जास्त संधी मिळून गेल्या होत्या. डबा बंद करता करता एवढंच म्हणा, "मी तर तेव्हाच सांगत होतो." 2022 मध्ये तुम्ही हिंजवडीच्या चौकात रिक्षावाल्याशी भांडत होतात, हे इथे कोणाला माहीत असणार?